स्वॉटची कुळकथा

कार्यशाळेत फळ्यावर अधिकचे चिन्ह काढून चार चौकोन पाडतात: बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. हे 'स्वॉट' आले कुठून, असे विचारले की बहुतेक पुस्तके अल्बर्ट हम्फ्री यांचे नाव सांगून मोकळी होतात. या नावाला आधार काय?

मुख्य आधार म्हणजे खुद्द हम्फ्रींचे एक टिपण. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माजी कर्मचाऱ्यांच्या वार्तापत्रात ते डिसेंबर 2005 मध्ये छापले गेले, म्हणजे घटनांनंतर चाळीसेक वर्षांनी. आपल्याकडच्या भाषेत ही बखर. बखर फेकून द्यायची नसते, पण तिच्यातल्या सनावळीला समकालीन कागदाचा दुजोरा शोधावाच लागतो.

गंमत अशी की हम्फ्री स्वतः सगळे श्रेय घेत नाहीत. 1960 ते 1970 या काळातल्या संशोधनात सहभागी असलेले रॉबर्ट स्टुअर्ट, ओटिस बेनेपी, मॅरियन डोशर आणि बिर्गर ली यांची नावे ते देतात. मोठ्या कंपन्यांची दीर्घ मुदतीची नियोजने का फसतात, हा या मंडळींपुढचा प्रश्न होता.

टिपणातला सर्वांत मोलाचा तपशील वेगळाच आहे. मूळ शब्द 'स्वॉट' नव्हता, 'सॉफ्ट' होता. आज जे चांगले चालले आहे ते 'सॅटिस्फॅक्टरी', पुढे जे चांगले घडू शकेल ती 'ऑपॉर्च्युनिटी'. आज जे बिघडले आहे तो 'फॉल्ट', पुढे जे बिघडू शकेल ते 'थ्रेट'. चौकोनांमधली रेघ आज आणि उद्या यांच्यातली होती. हल्ली आपण ती संस्थेच्या आत आणि बाहेर अशी ओढतो. 'फॉल्ट' म्हणजे दोष, तो दुरुस्त करता येतो. 'उणीव' मात्र आपण माणसाच्या स्वभावासारखी सांगतो आणि गप्प बसतो.

'एफ' जाऊन 'डब्ल्यू' कधी आला? हम्फ्रींच्या म्हणण्याप्रमाणे 1964 मध्ये, झुरिकच्या डोल्डर ग्रँड हॉटेलातल्या परिसंवादात, 'उरिक आणि ऑर' यांच्यापुढे हे मांडले गेले तेव्हा. वाचताना ही दोन माणसे वाटतात. पण 'अर्विक, ऑर अँड पार्टनर्स' ही ब्रिटनमधली नामांकित सल्लागार संस्था होती, 1934 पासूनची. आठवणीत नावाचे स्पेलिंग घसरले आणि संस्थेची माणसे झाली, असे मी मानतो.

मग आत-बाहेरची रेघ कुठली? लर्नेड, क्रिस्टेन्सन, अँड्र्यूज आणि गुथ या हार्वर्डच्या प्राध्यापकांचे पाठ्यपुस्तक 1965 चे. कंपनीची स्वतःची कुवत एका बाजूला आणि बाहेरच्या संधी व जोखमी दुसऱ्या बाजूला, ही मांडणी त्यात आहे; 'स्वॉट' हे अक्षरनाम मात्र नाही. अक्षरे कॅलिफोर्नियाची आणि रेघ हार्वर्डची, असा हा संकर दिसतो.

दुजोऱ्याचे काम बऱ्याच उशिरा झाले. पाउट, ली आणि विल्डेरोम यांनी 2023 मध्ये 'लाँग रेंज प्लॅनिंग' या नियतकालिकात जुने अहवाल तपासून स्टुअर्ट यांना मध्यभागी आणले. या पद्धतीचे मूळ ते स्टुअर्ट यांच्या लॉकहीड या विमान कंपनीतल्या दिवसांपर्यंत नेतात. म्हणजे बखरीतल्या यादीत असलेले नाव खरे ठरले, बखरकाराचे मागे पडले.

याच नियतकालिकात 1997 मध्ये हिल आणि वेस्टब्रुक यांनी 50 ब्रिटिश कंपन्यांची पाहणी छापली होती. त्यांपैकी वीसहून अधिक कंपन्यांनी स्वॉट वापरले होते. याद्या लांबलचक आणि मोघम होत्या, आणि व्यूहरचना ठरवण्याच्या पुढच्या टप्प्यांत एकीनेही त्या वापरल्या नव्हत्या.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना हा तक्ता भेटतो तो उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'साठीच्या स्वयंमूल्यमापन अहवालात. तिथे 'थ्रेट'ही गेले आहे, त्या जागी 'चॅलेंज' आहे. 'सॉफ्ट'मधल्या चार मूळ शब्दांपैकी आता एकच शिल्लक आहे: 'ऑपॉर्च्युनिटी'.