खिशातील इंग्रजी पाठ आणि त्यांची पूर्वपीठिका

स्मार्टफोनवरील ॲपच्या साहाय्याने इंग्रजी शिकणे ही एकविसाव्या शतकातील सर्वस्वी नवी घटना होय, असे सामान्यतः समजले जाते. उपकरणापुरते हे खरे आहे. आयफोन २००७ साली बाजारात आला, २००८ च्या जुलैत त्याचे ॲप-भांडार खुले झाले आणि पुढील काही वर्षांत भाषाशिक्षणाची ॲप्स जगभर पसरली. परंतु त्यांतील पाठाचे स्वरूप तपासले असता त्याची मुळे बरीच मागे जातात.

१९४१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात इंग्रजी भाषा संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख चार्ल्स फ्रीझ यांनी १९४५ साली परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याविषयी ग्रंथ लिहिला. वाक्यांचे साचे तोंडी सरावाने अंगवळणी पाडावेत, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४ व १९५८ सालच्या लेखांत शिक्षणयंत्राची कल्पना मांडली. विषयाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर प्रश्न विचारावा आणि उत्तराचा निकाल तत्काळ सांगावा, ही तिची रीत.

या विचाराला १९५९ साली जबर धक्का बसला. स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथाचे परीक्षण करताना नोम चॉम्स्की यांनी दाखवून दिले की, भाषा ही सवयींची बेरीज नव्हे. पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये मनुष्य सहज बोलतो आणि समजतो. पुढे डेल हाइम्स यांनी निराळ्या बाजूने प्रतिपादन केले की, वाक्य शुद्ध असणे पुरेसे नाही. ते कोणाशी, कोठे व कोणत्या हेतूने बोलावे याचेही ज्ञान हवे. १९७० नंतर वर्गातील अध्यापन हळूहळू संवादाकडे वळले.

यंत्रात मात्र सराव टिकून राहिला. विसरण्याचा वेग एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मोजला होता. त्याच दिशेने पॉल पिम्सलर यांनी १९६७ साली शब्दांची उजळणी वाढत्या अंतराने कशी घ्यावी याचे वेळापत्रक मांडले. पिट्सबर्ग येथे लुईस फॉन आन व सेव्हरिन हाकर यांनी उभारलेले ड्युओलिंगो हे ॲप याच परंपरेतील होय. ते २०१२ साली सर्वांस खुले झाले. फॉन आन मूळचे ग्वातेमालाचे. इंग्रजी येण्या-न येण्यावर माणसाची मिळकत ठरते हे त्यांनी तेथे पाहिले होते. म्हणून पाठ विनामूल्य ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे मोल कमी नाही. तथापि यंत्राला जे तपासता येते तेच विचारले जाते, या मर्यादेतून असा पाठ दीर्घकाळ सुटला नाही.

याच काळात बांगलादेशात निराळा मार्ग चोखाळला गेला. ब्रिटिश शासनाच्या साहाय्याने तेथे २००८ ते २०१७ या काळात ‘इंग्लिश इन ॲक्शन’ हा उपक्रम चालला. त्याचाच एक भाग असलेली ‘बीबीसी जानाला’ ही सेवा नोव्हेंबर २००९ मध्ये सुरू झाली. ‘जानाला’ म्हणजे खिडकी. ३००० हा क्रमांक फिरविला की साध्या फोनवर सुमारे तीन मिनिटांचा पाठ ऐकू येई. याहून महत्त्वाची गोष्ट शाळांत घडली. स्वस्त भ्रमणध्वनीच्या स्मृतिपत्रात पाठ्यपुस्तकाचे ध्वनिमुद्रण आणि वर्गाध्यापनाची चित्रफीत भरून तो शिक्षकांच्या हाती देण्यात आला. सोबत एक लहान ध्वनिवर्धक. येथे यंत्र विद्यार्थ्याला प्रश्न विचारीत नव्हते. विद्यार्थ्यांना बोलते कसे करावे हे ते शिक्षकाला दाखवीत होते.

२०२३ पासून ड्युओलिंगोसारख्या ॲपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेशी संभाषण करण्याची सोय झाली आहे. यंत्र आता उलट उत्तर देते. म्हणजे चॉम्स्की यांचा आक्षेप काही अंशी मागे पडला. हाइम्स यांचा मात्र उभाच आहे. ज्याला आपल्याकडून काही जाणून घ्यायचे नाही, ज्याचा गैरसमज झाला तरी काही बिघडत नाही, त्याच्याशी बोलणे हा अद्याप सरावच होय. खिशातील पाठाने शब्द पाठ होतील, उच्चारही सुधारतील. परंतु ते शब्द खर्च करण्यासाठी समोर माणूस लागतो. ज्या गावच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षकच नाही, तेथे ॲप देऊन ती जागा भरली असे मानणे म्हणूनच धोक्याचे ठरेल.