मंडपेश्वर आणि माउंट पॉइन्सर

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तरेकडे चालत गेलें म्हणजे एक ठेंगणी टेकडी लागते. तिच्या पोटांत हजार-बाराशे वर्षांहून जुनें शैव लेणें आहे आणि माथ्यावर पोर्तुगीज मठाच्या पडक्या भिंती आहेत. एकाच खडकावरील या दोन वास्तूंस दोन नांवें आहेत : लेण्याचें मंडपेश्वर व ख्रिस्ती वस्तीचें माउंट पॉइन्सर. दुसरें नांव एखाद्या युरोपीय साधूचें असावें, असें मला पुष्कळ वर्षें वाटे. वस्तुतः तें पहिल्याचेंच वेषांतर आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें येथें मठ उभारला व लेण्याचेंच प्रार्थनामंदिर केलें. देव गेला, पण देवाचें नांव जाईना. मंडपेश्वराचा उच्चार साध्या माणसाच्या तोंडीं ‘मंडपेसर’ असा होणें स्वाभाविक आहे; गुजराथेंतील अंकलेश्वरास लोक अंकलेसर म्हणतात, तसेंच हें. पोर्तुगीज लेखकांनीं तें ‘मनपासेर’, ‘माँपेझिर’ अशा रूपांनीं उतरून घेतलें. पुढें आरंभींच्या अक्षरांत कोणास तरी ‘माउंट’ ऐकूं आला असावा. टेकडी तर डोळ्यांसमोर होतीच! उरलेल्या ‘पेझिर’ला दक्षिणेकडील पोयसर गांवानें आपल्याकडे ओढलें असावें, असें माझें मत आहे.

याच न्यायानें दहिसर, एकसर, पोयसर या सर्वांच्या शेवटीं ईश्वर बसविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नुसतें ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. जुना लेखी उल्लेख हवा. मागाठाण्याच्या बाबतींत तो सुदैवानें मिळतो. कान्हेरीच्या एका शिलालेखांत भिक्षुसंघास दिलेल्या शेताचा उल्लेख आहे, व तें शेत ज्या गांवचें त्याचें नांव ‘मंगलठाण’ असें आहे. कान्हेरी म्हणजे त्या लेखांतील ‘कण्हगिरि’, संस्कृतांत कृष्णगिरि. साष्टी हें नांवहि सहासष्ट गांवांच्या ‘षट्षष्टी’पासून आलें, त्याचेंच पोर्तुगीजांनीं साल्सेत केलें. बोरिवली-कांदिवलींतील ‘वली’ पल्लीपासूनची मानतात. बोरींचें गांव तें बोरिवली, याबद्दल फारसा वाद नसावा.

मराठ्यांनीं १७३७ मध्यें साष्टी व १७३९ मध्यें वसई घेतली. त्यानंतर टेकडीवरील मठ ओस पडत गेला. तथापि भोंवतालचा ख्रिस्ती समाज मराठीच बोलत राहिला, आणि पॉइन्सर हें नांवहि त्यानेंच जपलें. पुढें वस्ती वाढली, तेव्हां इमॅक्युलेट कन्सेप्शन या चर्चच्या आद्याक्षरांवरून ‘आय. सी. कॉलनी’ हें तिसरें नांव रूढ झालें. भाडेकरूंस व रिक्षावाल्यांस तेंच परिचित. लेण्यांत मात्र पूर्वींच्या एका शिल्पाच्या जागीं कोरलेला क्रूस अजून दिसतो, व थोड्या अंतरावर नटराज आहे.

एप्रिल २०२२ मध्यें या बाजूनें मेट्रो सुरू झाली, तेव्हां स्थानकांच्या पाट्यांवर मंडपेश्वर, एकसर, मागाठाणे, पोयसर हीं नांवें झळकलीं. त्यांपैकीं मंगलठाणाचें मागाठाणे व्हावयास दीड हजार वर्षांहून अधिक काळ लागला होता.