जुन्या जीपचा जीर्णोद्धार : छंद यंत्राचा, कसोटी कागदांची

तालुक्याच्या पोलिस ठाण्यामागे, एखाद्या साखर कारखान्याच्या शेडमध्ये किंवा पश्चिम महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वडाप म्हणून धावून थकल्यावर शेताच्या बांधाला अशा अनेक जीपगाड्या उभ्या असलेल्या दिसतात. हूड फाटलेले, चाके जमिनीत रुतलेली, बॉनेटखाली उंदरांची घरे. भंगारवाला अशा गाडीकडे वजनाच्या हिशेबाने पाहतो. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या दुरुस्त करण्याचा छंद असलेला माणूस मात्र आधी चासीवरचा क्रमांक शोधतो. तो क्रमांक आरसी बुकाशी जुळला तरच पुढचा खर्च आणि पुढची दोन-तीन वर्षांची मेहनत सार्थकी लागण्याची शक्यता असते.

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत या छंदाचे वेड असलेली मंडळी मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या आवडीचा केंद्रबिंदू असलेली जीप ही मुळात युद्धाची निर्मिती. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना शक्ती देणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला. प्रत्यक्षात मोठे उत्पादन विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी केले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या तयार झाल्या होत्या. युद्धानंतर त्यांतील अनेक भारतात मागे राहिल्या आणि लिलावात विकल्या गेल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपला मराठी मुलखात घर मिळाले ते असे.

यातील सीजे-३बी या प्रकाराची कथा विशेष रंजक आहे. विलीजने १९५३ मध्ये या प्रकारात 'हरिकेन' हे इंजिन बसवले. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि ते बसवण्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. भारतात मात्र तो उंच कपाळाचा चेहरा त्यानंतरही कित्येक दशके वेगवेगळ्या नावांनी रस्त्यावर येत राहिला. सीजे-३४०, एमएम-५४०, क्लासिक ही सारी त्याच घराण्याची नावे. म्हणूनच विलीजचे मूळ रूप जपू पाहणाऱ्या परदेशी छंदिष्टांनाही भारतीय सुट्या भागांचे अप्रूप वाटते.

जीपच्या बरोबरीने आणखी दोन गाड्यांचे चाहते आहेत. पहिली जोंगा. जपानच्या निसान पेट्रोलवर बेतलेली ही सहा सिलिंडरची दांडगी गाडी जबलपूरच्या वाहन निर्माणीत लष्करासाठी १९६० च्या दशकापासून तयार होत होती; १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दुसरी मारुती जिप्सी. १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह आलेली जिप्सी १९९६ मध्ये १३०० सीसीची झाली, २००० मध्ये तिला एमपीएफआय इंजिन मिळाले आणि २०१९ मध्ये ती नागरी बाजारातून निवृत्त झाली. वजनाला हलकी आणि डोंगरउतारावर भरवशाची असल्याने तरुण मंडळींचा ओढा तिच्याकडे अधिक आहे. तिच्या पाट्यांच्या कडकपणाबद्दल मात्र तिचे भक्तही बचाव करू धजत नाहीत.

आधी सांगाडा, मग रंग

नवशिक्याची सर्वात मोठी चूक म्हणजे रंगापासून सुरुवात करणे. अनुभवी मिस्त्री आधी बॉडी उतरवून चासी उघडी करायला सांगतात. शिडीच्या आकाराच्या या लोखंडी सांगाड्यात, विशेषतः पाट्यांच्या खुंट्या जिथे बसतात तिथे आणि मागच्या आडव्या पट्टीत, चिखल साचून गंज खोलवर गेलेला असतो. वरून ठणठणीत दिसणाऱ्या चासीवर हातोडीचा हलका ठोका मारला, की आवाजावरून आतली पोकळी समजते. कोकणपट्टीत वावरलेल्या गाड्यांबाबत ही परीक्षा अधिक काटेकोरपणे घ्यावी लागते, कारण खारी हवा पत्र्याला सोडत नाही. बॉडीचा पत्रा नवा ठोकता येतो. फिलिपाइन्समध्ये तर जुन्या जीपच्या संपूर्ण बॉड्या आजही नव्याने तयार होतात. चासीचे तसे नाही. तिच्यावर क्रमांक असतो आणि तो क्रमांक म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने ती गाडी.

यानंतर येते स्टिअरिंग. जुन्या जीपचा एक कुप्रसिद्ध आजार म्हणजे ताशी ५०-६० किलोमीटरच्या आसपास पुढची चाके एकाएकी थरथरू लागणे. ही थरथर इतकी जोरकस असते, की स्टिअरिंग हातातून सुटू पाहते. अनेक जण टायर बदलून किंवा बॅलन्सिंग करून पाहतात. दोष बहुधा किंगपिनच्या झिजलेल्या बेअरिंगमध्ये, टाय-रॉडच्या सैल टोकांमध्ये किंवा दोन्ही बाजूंच्या पाट्यांतील असमान ताणात असतो. एकेक सांधा हाताने हलवून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. हे काम कंटाळवाणे खरे. पण जीपच्या दुरुस्तीत जीव वाचवणारे काम हेच.

ब्रेकची गोष्ट तशीच. मूळ जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच मास्टर सिलिंडर असे. म्हणजे एका पाइपमधून तेल गळाले, की चारही ब्रेक निकामी. शहरी वाहतुकीत चालवायची असेल तर ब्रेकवरचा खर्च इंजिनाच्या आधी करावा, असा सल्ला जाणकार देतात आणि तो रास्त आहे.

चौथ्या चाकाचे गणित

फोर-व्हील-ड्राइव्हचे खरे मर्म गिअर बॉक्सच्या मागे असलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये असते. सीजे-३बीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे दिसतात. एकाने पुढच्या चाकांना शक्ती जोडली जाते, दुसऱ्याने 'लो' गिअर पडतो. 'लो'मध्ये चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. चिखलातून किंवा दगडांच्या चढावरून गाडी मुंगीच्या पावलाने वर जाते ती यामुळे.

मात्र या जुन्या रचनेत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तसे होत नाही आणि सगळा ताण क्रॉस, शाफ्ट व गिअरच्या दातांवर येतो. हमरस्त्यावर फोर-व्हील लावून ऐटीत फिरणाऱ्या हौशी मंडळींच्या गाड्या वारंवार गॅरेजमध्ये दिसतात, त्यामागचे कारण हेच.

जीपचा दुसरा स्वभाव तिच्या एक्सलमध्ये आहे. सीजे-३बीच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ इतके आखूड. ओझे ओढायला उत्तम. पण हमरस्त्यावर वेग घेऊ लागताच इंजिन आकांत करू लागते. मुंबई-गोवा एका दमात गाठण्यासाठी ही गाडी जन्मलेली नाही, हे मान्य करूनच या छंदात उतरावे.

मोठे टायर, मोठे प्रश्न

बदलांचा मोह बहुधा टायरपासून सुरू होतो. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची टायर आला, तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटर ताशी ६० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६६ च्या पुढे गेलेला असतो. ब्रेकला अधिक जड चाक थांबवावे लागते, एक्सलच्या टोकांवर भार वाढतो आणि पुरेशी जागा नसल्याने पाटे उंच करावे लागतात. पाटे उंचावले, की शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस लवकर झिजतात आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने आखूड जीप वळणावर कलंडण्याचा धोका बळावतो. म्हणजे एका टायरने पाच कामे काढली. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली येथे फुगीर टायरांच्या, चकचकीत जीप बनवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्या देखण्या असतात यात शंका नाही. पण त्यांना जुन्या गाडीचा जीर्णोद्धार म्हणणे कठीण आहे.

इंजिन बदलण्याची परंपरा मात्र हौसेतून नव्हे, गरजेतून आली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि खेडोपाडी मूळ पेट्रोल इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. पुढे कंपनीनेही डिझेल जीप आणल्या आणि प्यूजो घराण्याचे २११२ सीसी इंजिन लोकप्रिय ठरले. परिणामी आज हाती येणाऱ्या जुन्या जीपपैकी अनेकींच्या बॉनेटखाली जन्मजात इंजिन नसतेच. पन्नास वर्षांपूर्वीच्या मालकाने केलेल्या त्या काटकसरीची किंमत आजच्या छंदिष्टाला कचेरीत मोजावी लागते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यांत फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी 'फेरबदला'ची व्याख्या कायद्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणांत याच तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्येच पुढच्या लोखंडी बंपर-गार्डविरुद्ध कारवाईचे निर्देश केंद्राने राज्यांना दिले होते. पायी चालणाऱ्याला धडकेत होणारी इजा या गार्डमुळे वाढते, हे त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे.

खरा पेच पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला ५ हजार आणि क्रमांकात 'व्हीए' ही खूण. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी; चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय ती रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच. डिझेल इंजिन बसवलेली १९६० च्या दशकातील जीप त्यामुळे दोन्हीकडून अडते. तो बदल आरसी बुकात रीतसर नोंदलेला नसेल तर साध्या नूतनीकरणातही अडथळा, आणि नोंदलेला असला तरी व्हिंटेजचा मान नाही. वारसा जपण्याच्या हेतूने केलेल्या नियमाने भारतीय जीपचा प्रत्यक्ष इतिहासच दाराबाहेर ठेवला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

सर्वसाधारण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फिटनेस तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. मोटारींसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजारांवर नेण्यात आले. विम्याचेही भान ठेवावे लागते. न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर दावा अडचणीत येतो.

गाड्या येतात कुठून?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी ही जुन्या सुट्या भागांसाठी ओळखली जाणारी ठिकाणे. गिअर, बेअरिंग, ऑइल सील यांची वानवा नाही. मूळ हरिकेन इंजिनाचे भाग मात्र चिकाटीने शोधावे लागतात आणि न मिळाल्यास लेथवर करून घ्यावे लागतात. पिढीजात हात असलेले मिस्त्री कमी होत आहेत, ही अडचण सुट्या भागांहून मोठी आहे.

गाड्यांचा झराही आटतो आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात आणून ती अधिकृत भंगार केंद्रांकडे पाठवण्याचे बंधन घातले. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली. सरकारी कचेऱ्यांच्या जुन्या जीप लिलावातून छंदिष्टांच्या हाती येण्याचा मार्ग त्यामुळे जवळपास बंद झाला. लष्करातून पूर्वीच निवृत्त झालेल्या जिप्सी आणि जोंगा हातोहात फिरत आहेत. त्या घेताना लष्कराचा मूळ विक्री आदेश सोबत आहे का, चासी व इंजिन क्रमांक त्याच्याशी जुळतात का आणि नागरी नोंदणी कोणत्या आरटीओत झाली, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे. दुसऱ्या राज्यातील गाडी असल्यास तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्जाचा बोजा उतरवल्याची नोंदही पाहावी. चासीवरचा क्रमांक खरवडलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथूनच परत फिरावे.