बुद्धिबळाचा पट आणि चपटा मासा

आगरदांड्याच्या धक्क्यावर टोपलीतला लेप आम्ही उलटून पाहिला : वरून मातकट, खालून पांढरा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. त्याच्या गणातले काही मासे जिवंतपणी तळाप्रमाणे रंग बदलतात. हे त्वचेचे काम की डोळ्यांचे? १८७० च्या दशकात फ्रान्सच्या पूशे यांनी अशा माशांना आंधळे केले (प्रयोग क्रूरच!), तेव्हा रंगांची जुळवाजुळव थांबली. सम्नर यांनी नेपल्सच्या हौदात त्यांना बुद्धिबळाच्या पटासारख्या तळांवर ठेवले व १९११ मध्ये छायाचित्रे छापली. अंगावर चौकटी हुबेहूब उमटल्या नव्हत्या. असलेलेच डाग गडद-फिके झाले होते. १९९६ मध्ये रामचंद्रन व सहकाऱ्यांनी उष्ण समुद्रातल्या जातीची वेळ मोजली : २ ते ८ सेकंद.