सत्यवचनी भूत : ‘पहेली’ आणि तिचे कर्ते

राजस्थानातील एक लोककथा, तिच्यावर मुंबईच्या एका मराठी कलावंताने काढलेला हिंदी चित्रपट आणि आपले रायपूर, या तिघांचा संबंध प्रथमदर्शनी कोणाच्या ध्यानी येणार नाही. तथापि तो आहे आणि जाणून घेण्याजोगा आहे.

कथेचे मूळ जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या गावी. तेथे विजयदान देथा (१९२६–२०१३) यांनी खेडुतांच्या तोंडच्या कथा ऐकल्या आणि ‘बातां री फुलवाडी’ या चौदा खंडांच्या मालेत त्या राजस्थानीत नव्याने सांगितल्या. त्यांच्याच एका कथेवरून, १९२३ साली रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी ‘चरणदास चोर’ हे नाटक छत्तीसगडी बोलीत, नाचाच्या नटांना घेऊन उभे केले. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट काढला व त्यात स्मिता पाटील यांनी काम केले. हा चरणदास चोरी सोडीत नाही; मात्र खोटे न बोलण्याचे व्रत प्राण गेला तरी मोडीत नाही.

देथांच्या ‘दुविधा’ कथेतील भूत या चोराचेच भावंड म्हणावे लागेल. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच नववधूला घरी ठेवून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. तिच्यावर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. सासऱ्याला ते रोज सोन्याच्या मोहरा देते; तेवढ्याने त्याचे समाधान होते. परंतु वधूपाशी मात्र भूत आपले खरे स्वरूप उघड करते आणि निर्णय तिच्यावर सोपविते. आजवर तिला कोणी काही विचारलेच नव्हते. विचारले ते प्रथम भुताने. या कथेचे सारे मर्म येथे आहे.

१९७३ साली मणी कौल यांनी ‘दुविधा’ चित्रित केली. पुढे ही कथा अमोल पालेकर यांच्या हाती आली. पालेकर हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी आणि काही काळ बँकेतील नोकरदार. रंगभूमीवर त्यांना घडविले सत्यदेव दुबे यांनी, आणि दुबे आपल्या शेजारच्या बिलासपूरचे! दुब्यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९७१ च्या चित्रपटात पालेकर होते. स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न त्यांनी २००३ च्या ‘अनाहत’ या मराठी चित्रपटातही हाताळला होता. ‘पहेली’ २००५ साली आली. तिची पटकथा संध्या गोखले यांची, गीते गुलजार यांची; भूमिका शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांच्या. भारतातर्फे ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठविण्यात आला. नामांकन मात्र लाभले नाही.

पालेकर-गोखले यांनी शेवट बदलला. मूळ कथेत धनगर भुताला चामड्याच्या मशकेत कोंडतो, भूत कायमचे जाते आणि ती स्त्री मुकाट्याने परतलेल्या नवऱ्याच्या वाट्याला येते. ‘पहेली’त भूत सुटते, नवऱ्याच्या देहात शिरते आणि तिला तिचा प्रियकर लाभतो.

हा बदल केवळ प्रेक्षकांच्या अनुनयासाठी केला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जिने एकदा निवड केली तिची निवड टिकावी, असा त्यामागील आग्रह दिसतो आणि तो आदरणीय आहे. परंतु त्याची किंमतही मोठी आहे. ज्या भुताने तिच्यापाशी सत्य सांगितले, त्याला आता जन्मभर परक्या नावाने जगासमोर वावरावे लागणार. आणि खऱ्या नवऱ्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. तन्वीरांच्या चोराला सत्यापायी मरण आले आणि लोकांच्या मनात तो पूज्य ठरला. पालेकरांचे भूत जगले, पण त्यासाठी सत्य तेवढे दडवावे लागले.

यातील कोणता शेवट खरा, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. लोककथा कोणाच्याच मालकीची नसते. सांगणारा बदलला की तीही बदलते. मात्र देथांनी भुताच्या मुखी घातलेला तो साधा प्रश्न, ‘तुझी इच्छा काय?’, प्रत्येक सांगणाऱ्याने जपला. ज्या घरांत तो अजून विचारला जात नाही, तेथे ही कथा जुनी झालेली नाही.