गुणांचे वजन : जी.आर.ई. परीक्षेचा इतिहास आणि पदव्युत्तर प्रवेश

विद्यार्थ्याची पात्रता ठरविण्याचे दोन मार्ग जुन्या काळापासून चालत आले आहेत. पहिला मार्ग शिफारशीचा. मदरशांच्या परंपरेत उस्ताद आपल्या शागिर्दाला ‘इजाजत’ देत असे आणि ती देणाऱ्या उस्तादाच्या नावावरून शागिर्दाची योग्यता ओळखली जाई. दुसरा मार्ग परीक्षेचा. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात राजसेवेच्या परीक्षेतील उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाई. उमेदवाराचे घराणे परीक्षकाला कळू नये, हा त्यामागचा हेतू होता. पदव्युत्तर प्रवेशात प्रमाणित परीक्षेच्या गुणांना किती महत्त्व द्यावे, हा वाद म्हणजे याच दोन मार्गांमधील ओढाताण होय. अमेरिकेतील ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’ अर्थात जी.आर.ई. परीक्षेचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

या परीक्षेची सुरुवात १९३७ मध्ये झाली. कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया ही चार विद्यापीठे यांचा तो संयुक्त प्रयोग होता. देशभरातील लहानमोठ्या महाविद्यालयांतून विद्यार्थी येत. त्यांच्या गुणपत्रिका एकमेकींशी ताडून पाहता येत नसत. एका महाविद्यालयातील प्रथम श्रेणी दुसऱ्या ठिकाणच्या प्रथम श्रेणीइतकीच मोलाची आहे काय, हे कळण्यास सामायिक मापाची गरज होती. १९४७ मध्ये ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी जी.आर.ई.चा कारभार तिच्याकडे गेला. भाषिक व संख्यात्मक क्षमतेच्या चाचण्यांना १९७७ मध्ये विश्लेषणात्मक विभागाची जोड मिळाली. २००२ मध्ये त्याची जागा विश्लेषणात्मक लेखनाने घेतली.

या गुणांवरून विद्यार्थ्याच्या पुढील यशाचा अंदाज बांधता येतो काय, याचा सर्वांत मोठा धांडोळा २००१ मध्ये कुन्सेल, हेझलेट आणि ओनेस या अभ्यासकांनी घेतला. त्यांनी एकूण ८२,६५९ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. पदव्युत्तर वर्गातील गुणांचा जी.आर.ई.शी संबंध त्यांना स्पष्ट दिसला आणि विशिष्ट विषयांच्या चाचण्या तर अधिक उपयुक्त आढळल्या. मात्र पदवी पूर्ण होण्याशी असलेला संबंध त्या मानाने क्षीण होता. पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत वा दफ्तरखान्यात टिकून राहण्याची चिकाटी काही तासांच्या परीक्षेत मोजली जात नाही, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असतेच.

खरा आक्षेप गुणांच्या वापराविषयी होता. अर्जांची संख्या वाढताच अनेक विभाग किमान गुणांची रेषा आखून त्याखालील अर्ज बाजूला सारू लागले. केवळ अशा रेषेवर निर्णय घेऊ नये, असे परीक्षा घेणारी संस्थाच सांगत आली आहे. २०१४ मध्ये केसी मिलर आणि कीवान स्टासन यांनी ‘नेचर’मध्ये या प्रथेवर टीका केली. अशा रेषेमुळे भौतिक विज्ञानांत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर वगळले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या ३,९६२ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पीएच.डी. पूर्ण होण्याचा अंदाज या गुणांवरून नीट करता येत नाही, असा निष्कर्ष होता. त्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर पुढील वर्षी आक्षेप घेण्यात आला. आधीच निवडलेल्या विद्यार्थ्यांपुरता हिशेब केला, तर गुणांचा प्रभाव प्रत्यक्षाहून कमी दिसतो, असा तो मुद्दा होता. २०२० च्या महामारीत अनेक विभागांनी जी.आर.ई.ची अट काढली आणि काहींनी ती पुन्हा लावलीच नाही.

परंतु अट काढल्याने निवड थांबत नाही. गुणांचे वजन उतरते, ते शिफारसपत्रांवर, संशोधनाच्या अनुभवावर आणि महाविद्यालयाच्या नावलौकिकावर चढते. नामांकित संस्थेतील विद्यार्थ्याला त्याचा तोटा नाही. ज्याच्या महाविद्यालयाचे नाव निवड समितीने कधी ऐकलेले नाही, त्याच्या हातून मात्र एक साधन जाते. गुणांची रेषा वंचिताला अडवू शकते आणि गुण नसणेही त्यालाच अडवू शकते.

भारतातही हाच झोका दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवली. त्यामुळे निर्णय मुलाखतीच्या हाती गेला आणि वंचित घटकांतील विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. २०२२ च्या नियमांत लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के वजन आले. २०२४ मध्ये ‘नेट’चे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य ठरले. अमेरिकेत परीक्षा अन्यायकारक वाटली, तर येथे मुलाखत.

या इतिहासाचा बोध असा की, गुण हे न्यायाधीश नव्हेत, साक्षीदार आहेत. त्यांची साक्ष इतर पुराव्यांसोबत ऐकली गेली पाहिजे. समाजाच्या लहान महाविद्यालयांतील अध्यापकांवर यातून दुहेरी जबाबदारी येते. विद्यार्थ्याची परीक्षेची तयारी करून घेणे ही पहिली. दुसरी अधिक दुर्लक्षित आहे. ती म्हणजे विद्यार्थ्याने काय वाचले, कोणता प्रश्न विचारला, कोठे अडला आणि कसा सावरला, हे नेमके सांगणारे शिफारसपत्र लिहिणे. ‘विद्यार्थी हुशार व नम्र आहे’ एवढ्या दोन शब्दांवर दूरच्या समितीचा विश्वास बसत नाही. उस्तादाच्या इजाजतीला मोल होते, कारण तो शागिर्दाला खरोखर ओळखत असे.