जांभळ्या रंगाचं आजोळ

गुळवेलीचा किंवा आवळ्याचा अर्क काढला, की फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो सहसा आधी डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या गर्द जांभळ्या द्रावणात मिसळतात. अर्धा तास अंधारात ठेवल्यावर जांभळा उतरून पिवळा झाला, तर अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत. पुढे सुरक्षितता पाहताना हाच खेळ उलटा होतो. एमटीटी नावाचं पिवळं रसायन पेशींवर घालतात आणि जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मझन करतात. जांभळा जितका गडद, तितक्या जास्त पेशी अर्काच्या माऱ्यातून वाचल्या.

जांभळा एकीकडे जातो, दुसरीकडे येतो. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. दोन्ही चाचण्यांचं आजोळ एकच आहे: हायड्राझिनांचं, म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन नायट्रोजन असलेल्या रेणूंचं घराणं.

डीपीपीएचचा जन्म १९२२चा, गोल्डश्मिट आणि रेन यांच्या हातून. अँटिऑक्सिडंट मोजायला ते वापरावं, हे ब्लॉइस यांनी १९५८मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. इथवरचं सगळ्यांना ठाऊक असतं. वाद आहे तो त्याआधीच्या पिढीचा.

डीपीपीएचच्या रेणूचा एक भाग पिक्रिल, म्हणजे पिक्रिक आम्लाचा वंशज. पीटर वूल्फ यांनी १७७१मध्ये निळीवर नायट्रिक आम्ल ओतून तो पिवळा पदार्थ मिळवला आणि त्यानं रेशीम रंगवलं. पुढे त्याची स्फोटकंही झाली. निळीचं झाड आपल्याकडे औषधीही मानलं जातं. त्यामुळे वनस्पतींच्या या चाचणीचं मूळही वनस्पतीतच, असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. पिक्रिल इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून रेणूला स्थैर्य देतं, हे त्याचं श्रेय खरंच. पण अर्काकडून हायड्रोजन पकडणारा एकटा इलेक्ट्रॉन मुख्यतः दोन नायट्रोजनांच्या जोडीवर राहतो. ती जोडी डायफेनिलहायड्राझिनकडून आलेली. काम जिथे होतं, कूळ तिथूनच मोजावं.

त्याच घराण्यातलं फेनिलहायड्राझिन एमिल फिशर यांनी १८७५मध्ये शोधलं. त्याच्या दीर्घ संपर्कानं त्यांची स्वतःची तब्येत बिघडली. तांबड्या रक्तपेशींची ऑक्सिडीकरणानं नासाडी करणारं हे विष. ज्या घराण्यात असं विष निपजलं, त्याचीच नातवंडं आज ऑक्सिडीकरण रोखणारे अर्क पारखतात!

दुसरी शाखा पेखमान आणि रुंगे यांची. १८९४मध्ये त्यांनी टेट्राझोलियमचा क्षार बनवला. त्याची वाट फॉर्मझनमधून जाते आणि फॉर्मझनचा जुना मार्ग फेनिलहायड्राझिनपासून होणाऱ्या फेनिलहायड्राझोनमधून. एमटीटी हाही टेट्राझोलियमचाच क्षार. म्हणजे डीपीपीएच आणि एमटीटी मावसभावंडं ठरतात.

रसायनाला जिवंतपणाचा पुरावा बनवलं ते मात्र बियाण्यांच्या अभ्यासकांनी. जर्मनीत गेऑर्ग लाकोन आधी सेलेनियमचे क्षार वापरत. ते क्षार विषारी, म्हणून १९४०च्या दशकात लाकोन टेट्राझोलियमकडे वळले. बी चिरून द्रावणात ठेवली, की जिवंत गर्भ तांबडा होतो. मोसमान यांची १९८३ची एमटीटी चाचणी मला या बियांच्या परीक्षेचीच लेक वाटते: बीच्या जागी पेशी आल्या, तत्त्व तेच राहिलं.

हे नातं नुसतं कौतुकाचं नाही, धोक्याचंही आहे. डीपीपीएचला पिवळं करणारे क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड किंवा क जीवनसत्त्व पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. अशा वेळी पेशी मेलेल्या असतात आणि रंग सांगतो की त्या ठणठणीत आहेत. पहिल्या चाचणीत अव्वल आलेला अर्क दुसरीत फसवण्याची भीती म्हणूनच जास्त. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्रातून पेशी मागवून त्या जिवापाड वाढवणाऱ्या विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे: एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढा आणि प्रत्येक प्लेटमध्ये काही घरं बिनपेशींची, फक्त अर्क आणि एमटीटीची ठेवा. तिथे जांभळा दिसला, तर त्या प्लेटच्या आकड्यांवर सुरक्षिततेचा दाखला देऊ नका.